मोकळी जागा

पाणीपुरवठा खात्याच्या नकाशा विभागात एक माणूस छत्तीस वर्षं एकाच टेबलावर बसला. खात्यात त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. तोंडावर नाही, पण म्हणायचे. त्याचं असं झालं, की एकदा मोठे साहेब सहीसाठी ताटकळले होते आणि हा माणूस अजून भिंग लावून नकाशावरची एक रेघ तपासत होता. साहेब वैतागून म्हणाले, "अहो, दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तर पाणी काय वाहायचं थांबणार आहे का?" तर हा शांतपणे म्हणाला, "साहेब, इथले दोन मिलिमीटर म्हणजे तिकडे रस्त्यावर दोन मीटर. खणणारा माणूस कुणाच्या तरी स्वयंपाकघरात निघेल." साहेबांनी हात जोडले आणि नाव पडलं ते पडलंच.

निवृत्तीनंतर नाव मागे राहिलं. बिल्डिंगमधली माणसं त्यांना काका म्हणत, त्यांच्या बायकोला काकू. आपणही तसंच म्हणू.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. चार खोल्या, मधून एक लांबट बोळ आणि लिफ्ट नाही. चौतीस वर्षांत त्या चार खोल्यांत जे जे साठायचं ते साठलं होतं. बाहेरच्या खोलीत दिवाण आणि काचेची शोकेस, आत सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, त्याच्यापलीकडे पाण्याचं पिंप. झोपायच्या खोलीत लोखंडी कपाट, त्याच्या पायथ्याशी दोन ट्रंका. बोळात काकूंचं शिलाई मशीन. शाळेच्या गणवेशाचे शर्ट शिवून काकूंनी निम्मा संसार ओढला होता. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं त्यांच्या कॉलरीत मान घालून शाळेत गेली होती.

मग काकूंच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. शिरला म्हणायचं कारण, तो चोरासारखा आला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं धूसर झालं. डॉक्टरकडे गेले तेव्हा चोर घर धुऊन घेऊन निघून गेला होता. थेंब झाले, ऑपरेशनं झाली. पासष्टाव्या वर्षी काकूंना फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं, पुढं तेही गेलं.

पण गंमत अशी, की घरात आलेल्या माणसाला हे सांगावं लागायचं. काकू चहा करायच्या, भाजी चिरायच्या, कपड्यांच्या घड्या घालून ज्याच्या त्याच्या कप्प्यात ठेवायच्या. घरात कधी काठी घेतली नाही. सिलेंडर आणणाऱ्या माणसाला वर्षभर वाटत होतं की या बाई फार गर्विष्ठ आहेत, पैसे देतात पण तोंडाकडे बघत नाहीत. आणि काका रोज सकाळी ओरडायचे, "अगं, माझा चष्मा कुठं गेला?" तर काकू आतून यायच्या, दिवाणाच्या हातावरून चष्मा उचलून त्यांच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "डोळे तुमचे चांगले आहेत म्हणून बरं."

काकांना वाटायचं, ही आपल्या शिस्तीची कमाई आहे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक वस्तू जागेवर, हा त्यांचा जन्माचा नियम. त्यांनी कधी काकूंना विचारलं नाही, की तू घरात फिरतेस ती नेमकी कशी. चालणाऱ्या माणसाला कुणी असं विचारतं का?

काकांचा गुडघा गेला तेव्हा सगळं सुरू झालं. घरापासून रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या. भाजी घेऊन वर येताना ते दुसऱ्या मजल्यावर बसायला लागले, मग पहिल्यावरही बसायला लागले. काकू तर डॉक्टरकडे जाण्यापुरत्याच खाली उतरायच्या. लेक दुसऱ्या गावाहून आली, तिनं हा प्रकार पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, उद्या आईला काही झालं तर खाली कसं न्याल? पाठुंगळी?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

"तेव्हा काय बघणार? हे घर सोडा. तळमजल्यावर लहानसं बघू. दोन माणसांना चार खोल्या कशाला लागतात?"

"आणि हे एवढं सामान?"

"काढून टाका. ती शोकेस किती वर्षं पुसताय? बघतं कोण त्यात?" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

काकूच हसल्या. "खरंय तिचं. मी तरी बघत नाही."

लेकीचं काही चुकलं नव्हतं. जावयानंही धावपळ केली. गावाच्या कडेला नव्या इमारतीत तळमजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असं घर मिळालं. दाराला उंबरा नाही, समोर दवाखाना, कोपऱ्यावर किराणा. तीनशे दहा चौरस फूट. काकांनी स्वतः टेप लावून मोजलं तेव्हा तीनशे चारच भरलं. ते दोन दिवस बिल्डरला शिव्या देत होते, पण कामाला लागले.

आणि काम त्यांनी केलंही असं, की नोकरीत तसं केलं नसेल. मोठ्या कागदावर नव्या घराचा नकाशा काढला, वीसास एक प्रमाणात. पुठ्ठ्याचे तुकडे कापले. हा पलंग, हे कपाट, हे टेबल. ते तुकडे कागदावर सरकवत ते तासन्‌तास बसत. एकच गोष्ट त्यांनी मनाशी पक्की धरली होती: काकूंना कुठंही काही लागता कामा नये. डोळस माणसाला अडीच फुटांची वाट पुरते, हिला तीन फूट ठेवायची. जेवढं सामान कमी तेवढी वाट मोकळी. कागदावरून पुठ्ठ्याचा एकेक तुकडा उचलताना त्यांना भार उतरल्यासारखं वाटायचं.

काकू शेजारी बसून वाटाणे सोलायच्या.

"दिवाण बसत नाही गं."

"मग देऊन टाका."

"शोकेस?"

"द्या."

"जेवणाचं टेबल कसंबसं बसेल, पण कोपरे तुझ्या वाटेत येतात."

"द्या हो. दोन तर माणसं. मांडीवर ताट घेऊन जेवू."

"मशीन?"

काकूंचा हात शेंगेवर थांबला. "किती जागा लागते त्याला?"

"तीन फूट बाय दीड. बोळ नाहीये तिथं. खोलीच्या मधेच येईल."

"चार वर्षांत सुई ओवली नाही मी," काकू म्हणाल्या. मग शेंग सोललीच. "द्या. कुणाच्या तरी कामी येईल. गंज खात पडण्यापेक्षा बरं."

महिनाभर घर रिकामं होत होतं. शोकेस बिल्डिंगच्या वॉचमनला दिली. टेबल एका सुताराने नेलं. मशीन शिवणक्लासच्या बाईंनी नेलं, नेताना काकूंच्या पाया पडल्या. ट्रंका भंगारात गेल्या. वस्तू दाराबाहेर पडायच्या आधी काकू तिच्यावरून एकदा हात फिरवायच्या, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि बाजूला व्हायच्या. रडल्या नाहीत. काकांनी लेकीला फोनवर कौतुकानं सांगितलं, "तुझी आई माझ्यापेक्षा खमकी आहे. कशात जीव नाही अडकत तिचा."

त्या दिवसांत दोन गोष्टी घडल्या, त्या काकांनी पाहिल्या पण मनावर घेतल्या नाहीत. टेबल गेलं त्या संध्याकाळी काकूंनी बसल्या जागी पाणी मागितलं. एरवी त्या मागत नसत, घेत असत. आणि मशीन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बोळात त्यांचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. काका म्हणाले, "सगळं अस्ताव्यस्त झालंय ना, म्हणून. तिकडे गेलो की सुटशील."

चौतीस वर्षांचा संसार छोट्या टेम्पोच्या एका खेपेत मावला. टेम्पोवाला म्हणाला, "एवढंच?" काकांची मान ताठ झाली. म्हणाले, "एवढंच लागतं माणसाला."

नव्या घरात एक पलंग, एक नवं कपाट, भिंतीतच बसवलेलं, दोन खुर्च्या आणि ओट्याखाली मोजकी भांडी. काकांनी काकूंना हाताला धरून खोलीच्या मधोमध आणून उभं केलं.

"हात पसर. लागतंय काही?"

काकूंनी दोन्ही हात पसरले. "नाही."

"पुढं हो. आता?"

"नाही."

"हेच तर! कुठंही जा, काही लागणार नाही." आणि ते खुशीत दूध आणायला गेले.

कोपऱ्यावर ओळखपाळख करून घेण्यात वीस मिनिटं गेली. परत आले तर काकू त्याच फरशीवर उभ्या होत्या. हात अंगाशी, मान जराशी वाकडी, कुठून तरी आवाज येतो का ते ऐकावं तशी.

"बसली नाहीस?"

"कुठं बसू?"

"अगं, खुर्ची आहे ना. तुझ्या मागं चार पावलांवर."

काकू वळल्या. अर्ध्याच वळल्या आणि थांबल्या. "मागं म्हणजे कुणीकडे हो?"

काकांनी त्यांना बसवलं. नवी जागा आहे, होईल सवय, असं म्हणाले. आठवडाभर ते म्हणत राहिले. मग त्यांनी शिकवणी सुरू केली. पलंगापासून पाच पावलं सरळ, मग उजवीकडे, तीन पावलांवर स्वयंपाकघराचं दार. न्हाणीघराला सात आणि दोन. काकू पोरीसारख्या पाठ म्हणायच्या. पण पाच पावलं चालताना तिसऱ्या पावलाला त्यांचा धीर सुटायचा, कारण तिसरं पाऊल बरोबर पडलं की नाही ते सांगायला तिथं काहीच नसायचं. मग त्या किंचित तिरक्या जायच्या आणि भलत्याच भिंतीला हात लागायचा. नवा गुळगुळीत रंग. चारी भिंती सारख्याच. त्या भिंतीला तळवे लावून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "ही कुठली?"

एकदा काका चिडले. बायकोवर आवाज चढवायची सवय नव्हती त्यांना, पण चढला. "किती वेळा सांगायचं? पाच पावलं! पाच मोजता येत नाहीत का?"

काकू भिंतीपाशीच खाली बसल्या.

"मी तिथं पावलं मोजत नव्हते हो कधी."

"मग कशी चालायचीस?"

काकूंना एकदम सांगता आलं नाही. कधी शब्दांत धरलंच नव्हतं त्यांनी ते. मग हवेत हात पुढं करून त्या एकेक सांगायला लागल्या. "पलंगावरून उठलं की कपाटाची कडी लागायची. ती सोडली की ट्रंकेचा वास यायचा, लोखंडाचा. मग बोळात मशीनचं चाक. चाकाला हात लागला की डावीकडे वळायचं. शोकेसपाशी आवाज बदलायचा, आपलाच श्वास काचेवरून परत आल्यासारखा. टेबलाचा कोपरा मांडीला लागला की समजायचं, दोन पावलांवर पाणी. लागायचं म्हणून तर कळायचं."

काका खुर्चीवर बसले.

"मग द्या, द्या का म्हणालीस?"

"मला तरी कुठं माहीत होतं? गेल्यावर कळलं."

आयुष्यभर काकांनी दुसऱ्याच्या जमिनीखालच्या नळ्या अचूक कागदावर उतरवल्या होत्या, आणि स्वतःच्या घरात, रोज डोळ्यांदेखत, एक अख्खा नकाशा होता तो त्यांना कधी दिसला नव्हता. तो त्यांनीच पुसला होता. आणि तोही खोडरबरानं, जपून, कागद न चुरगळता.

दुसऱ्या दिवसापासून ते उपाय शोधायला लागले. आधी दोरी आणली. भिंतीला हुक ठोकून कमरेइतक्या उंचीवर पलंगापासून ओट्यापर्यंत आणि तिथून न्हाणीघरापर्यंत ताणली.

काकूंनी हात लावून बघितला. "मला दावणीला बांधताय?"

"धरून चालायची आहे."

"गुरांनाही हेच सांगत असतील."

तरी दोन दिवस त्या धरून चालल्या. तिसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी डबा द्यायला आल्या. माणूस फार चांगलं. काकूंचे कपडे बादलीत पिळून पडलेले पाहून त्यांनी ते भराभर दोरीवर वाळत घातले आणि गेल्या. काकू दोरी धरून निघाल्या आणि गार, ओल्या, लोंबत्या कशाला तरी हात लागला तशा किंचाळल्या. काका धावत आले. टॉवेल होता. दोघंही आधी हसली. मग काकू हसता हसता रडायला लागल्या आणि थांबेनात. दोरी उतरली.

मग काका रिक्षा करून शिवणक्लासला गेले. मशीन ओळखू आलं नाही. वरचा भाग नव्या पत्र्याच्या टेबलावर बसवून त्याला मोटर लावली होती. हातानं फिरवायचं चाक काढून टाकलं होतं. खालचे लोखंडी पाय एका हॉटेलवाल्यानं टेबलं करायला नेले होते.

"काका, परत हवं होतं का?" बाई ओशाळल्या.

"छे छे. सहज आलो होतो."

वॉचमन नोकरी सोडून गावी गेला होता, शोकेस कुठं गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. सुतारानं टेबलाच्या फळ्या-फळ्या करून दोन दारं केली होती. काका जुन्या बाजारात तीन दिवस फिरले आणि चौथ्या दिवशी तसंच दिसणारं एक शिलाई मशीन हातगाडीवर घालून घेऊन आले. खोलीत, पलंगापासून बरोबर तेवढ्या अंतरावर ठेवलं. काकूंना उठवलं. काही सांगितलं नाही.

काकूंचा हात चाकाला लागला. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, हे काकांनी पाहिलं. मग बोटं चाकाच्या कडेनं फिरली, खाली गेली, फळीवर आली.

"हे कुणाचं?"

"आपलंच समज. तसंच आहे."

"चार बोटं खाली आहे. आणि फळीवर कुणीतरी दुसऱ्यानं कात्री ठेवत गेलेलं आहे, खड्डा पडलाय बघा." काकूंनी हात काढून घेतला. "नको हो. परक्याच्या घरात रात्र काढल्यासारखं वाटतं."

शिवाय खोलीत आता दीडच फूट वाट उरली होती. आठ दिवसांत काकांच्या दुखऱ्या गुडघ्याला मशीनचा पाय चारदा लागला. नवव्या दिवशी हातगाडीवाला येऊन ते परत घेऊन गेला.

मधे एकदा बरे दिवस आले. स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. टप, टप, टप. पाणीपुरवठ्यातल्या माणसाच्या घरी गळका नळ म्हणजे वैद्याच्या घरी खोकला. काका पाना घेऊन उठले, तर काकू म्हणाल्या, "राहू द्या. त्या आवाजानं मला कळतं, स्वयंपाकघर कुठंय ते."

काकांनी पाना ठेवला आणि नळाखाली स्टीलचं पातेलं सरकवलं. त्याचा आवाज अजून ठळक यायचा. त्या आवाजाच्या रोखानं काकू चालायला लागल्या. आधी भीत भीत, मग बऱ्यापैकी सरळ. दाराशी गेलं की आवाज मोठा, पलंगाशी आलं की बारीक. त्यावरून त्यांना न्हाणीघराची दिशाही सापडली. दोन महिने असे गेले. एका सकाळी काका उठले तर उशाशी चहाचा कप. बशीत निम्मा सांडलेला. काकांनी तो बशीतलासुद्धा प्याला.

मग एका दुपारी काका औषधं आणायला मोठ्या दवाखान्यात गेले होते. सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबरला घेऊन घरोघर फिरत होते, कारण टाकीतलं पाणी पुरत नव्हतं. ते आत आले, पातेलं पाहिलं आणि हळहळले. "काकू, किती दिवस टपकतोय हा! सांगायचं नाही का? तुम्हाला काय कळणार बिचाऱ्यांना." पंधरा मिनिटांत जुना नळ काढून नवा बसवला. पैसेही घेतले नाहीत. एवढ्या चांगुलपणापुढं काय बोलायचं ते काकूंना सुचलं नाही. त्या "उपकार झाले" म्हणाल्या.

काका आले तेव्हा घर गप्प होतं. त्यांनी नवा नळ सैल करून बघितला, पण त्या नव्या जातीच्या नळाला ठिबकणं माहीतच नव्हतं. एक तर बंद, नाही तर धार. त्यांनी बारीक धार सोडून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टाकी रिकामी झाली आणि वरच्या मजल्यावरची माणसं बादल्या घेऊन दारात. काकांनी माफी मागून नळ बंद केला. रेडिओ लावून पाहिला, पण रेडिओच्या आवाजात काकूंना बाकीचं काहीच ऐकू येईना. घड्याळ आणलं, तर त्याची टिकटिक त्या भिंतींमध्ये कुठूनही यायची.

आणि मग ती दुपार. दोन-अडीच वाजले असतील. जेवणं होऊन काकू पलंगावर झोपल्या होत्या, काका खुर्चीत पेपर वाचत होते. काकू उठल्या. उठल्या त्या जुन्या उठण्यानं. पाय खाली टाकले, उभ्या राहिल्या आणि चालायला लागल्या. चाचपणं नाही, अडखळणं नाही. पाठ सरळ, पाऊल पुरं टेकणारं. उजवा हात सैल पुढं, काहीतरी सहज लागणारच आहे अशा खात्रीनं.

काकांनी पेपर खाली घेतला. त्यांना इतका आनंद झाला की हाक मारली तर मोडेल असं वाटलं. सवय झाली, त्यांच्या मनात आलं, झाली एकदाची सवय. म्हणून ते गप्प बसून बघत राहिले.

काकू झोपेतच होत्या. त्या जुन्या घरात चालत होत्या. जिथं चाक लागायला हवं तिथं हात पुढं झाला, काही लागलं नाही, पण पाय ठरल्याप्रमाणे डावीकडे वळले आणि सगळा जोर घेऊन त्या भिंतीवर आदळल्या. कपाळ आधी, मग हात अंगाखाली.

मनगट मोडलं. कपाळाला चार टाके. सहा आठवडे प्लास्टर.

काकांनी कुणालाही सांगितलं नाही की आपण बघत होतो. लेकीलाही नाही. काकूंना मात्र सांगितलं, दवाखान्यातून आल्यावर, प्लास्टरचा हात उशीवर ठेवताना. "मी बघत होतो गं. मला वाटलं, तुला जमलं."

"मलाही तसंच वाटलं," काकू म्हणाल्या.

प्लास्टर निघालं, पण त्यानंतर काकू एकट्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी पाय तपासले, पाठ तपासली. म्हणाले, "पायांत काही दोष नाही. चालवा त्यांना." काका चालवायचे. हात धरला की चालायच्या, सोडला की जागच्या जागी थांबायच्या. सकाळी पलंगावरून खुर्ची, संध्याकाळी खुर्चीवरून पलंग.

लेक चार दिवस राहायला आली. आल्या आल्या खोलीभर नजर फिरवून सवयीनं म्हणाली, "किती सुटसुटीत ठेवलंय बाबांनी!" मग तिची नजर आईवर गेली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं विषय काढला. "आमच्याकडे चला दोघं. आमचं घर मोठं आहे."

"नको गं," काकू म्हणाल्या. "आता आणखी एक घर नको."

स्वयंपाकघरात लेक बापाला हळूच म्हणाली, "मीच म्हटलं होतं ना बाबा, काढून टाका म्हणून."

"तू बरोबरच म्हटलं होतंस," काका भांडी पुसत म्हणाले. "मी केलं तेही बरोबरच होतं. सगळं मोजून केलं होतं." भांडणाला कुणी सापडलं असतं तर बरं झालं असतं.

लेक गेली. उन्हाळा लागला, आणि काकांच्या लक्षात आलं की काकूंचा पाण्याचा तांब्या भरलेलाच राहतो. चहाही अर्धा कप. ओठ सुकलेले.

"पाणी का पीत नाहीस?"

"तहान नाही लागत."

"एवढ्या उन्हात?"

काकांनी दोन दिवस लक्ष ठेवलं. काकू कोरडे ओठ जिभेनं ओले करायच्या, तांब्याकडे हात न्यायच्या आणि परत घ्यायच्या. तिसऱ्या दिवशी काकांनी खडसावून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाणी प्यायलं की न्हाणीघरात जावं लागतं. म्हणजे तुम्हाला उठावं लागतं. दिवसातून तीनदा पुरे की. तुमच्या गुडघ्याचा आवाज मला ऐकू येतो."

काकांनी पेला भरून त्यांच्या तोंडाला लावला आणि संपेपर्यंत काढला नाही. काकू निमूटपणे प्यायल्या. दुसऱ्या दिवशी परत तांब्या भरलेलाच.

आता दिवस तसेच जातात. समोरच्या वहिनी येतात, इकडचं तिकडचं बोलतात. काकू हं हं करतात. खोलीत आता हवा खेळती असते, फरशी लख्ख असते, पुसायला पाच मिनिटं लागतात. काका एका खुर्चीत, काकू दुसऱ्या.

"किती वाजले?" काकू विचारतात.

"तीन."

थोड्या वेळानं, "आता?"

"सव्वातीन."

"बस? मला वाटलं, दिवे लागले असतील."

असं दुपारभर चालतं. काका दर वेळी घड्याळात बघून खरं ते सांगतात, आणि दर वेळी काकूंची मान थोडी खाली जाते.

परवा काकूंनी विचारलं तेव्हा साडेतीन झाले होते. काका घड्याळाकडे बघत राहिले.

"साडेसहा," ते म्हणाले.

"हो?" काकूंचा आवाज जरा मोकळा झाला. "झाला की मग दिवस."

मग काका गुडघ्यावर हात दाबून उठले आणि बाहेर कडक ऊन असताना त्यांनी रात्रीच्या जेवणाचा कुकर लावला.